किलोमीटर ३१२

नाव पडलं ते झाडावरून.
इंग्रज मोजणीदार आला तेव्हा साऱ्या सपाटीवर
उभं असं एकच काही होतं, म्हणून त्यानं नकाशात लिहिलं:
ओंबू सोलो. एकटा ओंबू.
मग रूळ आले, आणि पाण्याची टाकी
नेमकी तिथंच बसवायची निघाली.
झाड गेलं, पाटी राहिली,
येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला सारखीच थाप मारत.

माझे वडील, एवारिस्तो किरोगा, बावन्न साली इथं स्टेशनमास्तर झाले.
कंपनी जाऊन चार वर्षं झाली होती,
कोटाची बटणं मात्र अजून तिचीच.

काय काय मिळायचं इथं?
तिकीट मिळायचं. पहिल्या वर्गाचं, वर्षाकाठी दोन-तीन.
बर्फ मिळायचा शनिवारी, भुशात गुंडाळलेला,
निघताना लादी, पोचताना वीट.
वेळ मिळायची, फुकट:
अकराला तारेवर राजधानीची टकटक यायची,
वडील खिडकीला पांढरा रुमाल लावायचे,
आणि पाववाला, न्हावी, शाळेची बाई, पाद्री,
सगळे आपापल्या घड्याळांचे कान पिळायचे.

तारेला शब्दामागे पैसे.
सेराफिना तीन पानं लिहून आली होती, आईबद्दल.
वडिलांनी ती खाली बसून दोनदा वाचली,
मग पाठवलं: आई गेली. सावकाश ये.
एवढंच? ती म्हणाली.
सावकाश हा शब्द माझ्या पैशांचा, वडील म्हणाले.

सांधेवाला वासिल युक्रेनचा.
स्पॅनिश त्याला शेवटपर्यंत धड आलं नाही,
पण हातातला दिवा हिरवा की तांबडा
एवढ्यावर त्याचं सगळ्यांशी भागायचं.

आणि मालधक्क्यावर काटा होता, बिडाचा,
लोकरीच्या गाठी, मधाचे डबे, कोंबड्यांची खुराडी तोलणारा.
डॉक्टर बासष्ट किलोमीटरवर.
म्हणून गुरुवारी, मालगाडी नसे त्या दिवशी,
बाया तान्ही पोरं घेऊन यायच्या.
वडील पाट्यावर टॉवेल पसरायचे,
टॉवेलाचं वजन वजा करायचे,
आणि पार्सलच्या वहीत लिहायचे,
कारण दुसरी वही नव्हती:
मुलगा, एक नग. तीन किलो चारशे.
पाठवणार: आल्तामिरानो. घेणार: तेच.
भाडं: माफ.

मी आहे एकोणसाठच्या वहीत,
संत्र्यांच्या दोन पेट्यांच्या खाली.

सत्त्याहत्तरच्या मार्चात कागद आला.
फाटा तोट्यात आहे. होताच.
रुमालाला त्यांच्याकडे रकाना नव्हता.
सामान मोजून परत करा, असं खाली लिहिलेलं.
वडिलांनी मोजलं. कंदील सात, झेंड्या चार, घंटा एक,
बाक तीन, पैकी एक लंगडा.
काट्यापुढे लिहिलं:
नादुरुस्त. जागीच सोडावा.

त्यांनी लिहिलेलं हे एकच खोटं, आई सांगायची.
वडील चिडायचे. खोटं कसलं,
चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो तो, पहिल्यापासून.

शेवटच्या गाडीचं मला फारसं आठवत नाही.
भुरभुर पाऊस होता, कुणीतरी गिटार आणली होती आणि वाजवली नाही.
वासिल पुढं सहा वर्षं सांध्यांना तेल घालत राहिला.
कुणी त्याला काही विचारलं नाही.
विचारून तरी कुठल्या भाषेत सांगणार.

आता किल्ली माझ्याकडे.
परवा, गुरुवार नव्हता, मंगळवार होता,
मिलाग्रोस पिकअपमधून आली.
दवाखान्यात वजन झालेलं, छापील कागद हातात.
तरी पण, म्हणाली.
टॉवेल मी घरी विसरले होते. तिनं शाल दिली.
शाल वजा जाता दोन किलो नऊशे साठ.
कागदावर नऊशे वीस.
ती कागदाकडे बघून हसली आणि त्याची घडी घातली.

वहीत रेघ मारायला पट्टी सापडेना,
तशीच वाकडी मारली.
मुलगी, लिहिलं, एक नग.
बाहेर पिकअपचं इंजिन चालूच होतं.