उकडलेला बटाटा, एक

चार नंबरच्या टेबलावर देशांचे नंबर लागत होते.
पुण्याची मंडळी, सहा ताटं, त्यांतली तीन सुरमईची.
बाहेर हर्णैचा लिलाव नुकताच उठलेला,
वाळूत बर्फाचं पाणी, पाण्याभोवती मांजरं,
आणि आत एक चष्मेवाला बोटं मोजत होता:
पहिलं इटली. दुसरं जपान. तिसरं थायलंड.
कुणी लेबनॉनसाठी भांडलं.
लेबनॉन कुठे ते मला ठाऊक नाही,
मी सोलकढी वाढत होते.
शेवटचा नंबर मात्र एकमतानं ठरला, इंग्लंड.
"मिरीसाठी अख्खं जग पालथं घातलं
आणि स्वतःच्या पातेल्यात एक दाणा टाकला नाही!"
सगळे हसले. मीही हसले.
गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

कोपऱ्यात इब्राहिम सारंग बशी फुंकत होते.
बत्तीस वर्षं बोटीवर भंडारी,
आणि मग पाय मोडला म्हणून दोन हिवाळे हल बंदरात.
"हा विनोद मी एडनला ऐकलाय," ते बशीलाच म्हणाले,
"मोंबासाला ऐकलाय.
हलला तर एका गोऱ्यानंच सांगितला,
माझ्यापेक्षा जास्त हसला."

मग मला म्हणाले,
"वाईट होतं गो बाय, खोटं कशाला बोलू.
कोबी इतका शिजवायचे
की कोबीला स्वतःचं नाव आठवू नये.
पण तिथे एका काळ्या खोलीत मासे टांगलेले पाहिले,
आपल्या तारलीची लांबची बहीण,
ओळीनं, खाली लाकडाचा धूर,
आणि मला पाजेतल्या वलांडी दिसल्या, बोंबलांनी भरलेल्या.
ऊन नाही ना त्यांच्याकडे.
ज्याच्याकडे जे, त्यावर तो वाळवतो.

तापानं पडलो तेव्हा घरमालकीण दूधभात घेऊन आली,
भट्टीतला, वर करपलेली साय,
सायीवर जायफळ किसलेलं.
जायफळ! मी विचारलं, बाई, हे कुठलं?
म्हणाली, डब्यातलं."

तेवढ्यात चार नंबरचा धाकटा रडायला लागला.
कालपासून पोट बिघडलेलं.
आई आत आली, चुलीपाशी, आवाज खाली,
जशी उधारी मागतेय:
"ताई, काही साधं मिळेल का?
तिखट नको, मसाला नको. नुसतं उकडलेलं."

दोन बटाटे उकडले, कुस्करले,
मीठ, तुपाचा एक थेंब, बस्स.
माझ्या हाताला सवय नाही, तो तीनदा मसाल्याच्या डब्याकडे गेला.
पोरानं वाटी दोन्ही हातांनी धरली
आणि मान वर न करता खाल्लं,
शेवटी बोटानं पुसून.
चष्मेवाला बघत राहिला.
मामू काठी टेकत टेबलापाशी गेले,
वाटीत डोकावले.
"इंग्लंड संपलं वाटतं," म्हणाले,
"अजून हवं?"

बिल करताना पेन अडलं.
फळ्यावर पापलेट आहे, तिसऱ्या आहेत, कुर्ल्या आहेत,
बटाट्याला भाव नाही.
लिहिलं: साधं, एक. पुढे शून्य.
माझे सासरे गेले तेव्हा शेवटचे अकरा दिवस
फक्त पेज मागत होते,
लोणच्याची फोडसुद्धा बाजूला सारत.
ते मी बिलात कुठे लिहिणार.

गाडी आंजर्ल्याच्या रस्त्याला लागली.
पातेल्यात मूठभर बटाटा उरला होता.
मामू म्हणाले, दे इकडे, टाकू नकोस.
दोन घास अगदी इमानानं खाल्ले, डोळे मिटून.
तिसऱ्याला दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं,
आणि वर जवळ्याची चटणी घेतली, चांगली दोन चमचे.
"मामू!" मी म्हटलं.
"ती बाई बघत नाहीये ना," म्हणाले,
आणि डबा आणखी जवळ ओढला.