शेवटचा नंबर

कोपरखैरण्यात महापालिकेच्या अभ्यासिकेतला पंखा
तिसऱ्या टेबलापर्यंतच पोचतो.
मी चौथ्यावर.
समोर एमपीएससीवाला मुलगा डुलकी काढतोय,
कोपराखाली वडापावचा तेलकट कागद.
माझ्यापुढे कॉस्टिंगची राहिलेली केटी
आणि बारा आकडी कॅल्क्युलेटर, ज्याचं सातचं बटण
दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही.

पहिल्या वर्षी वर्तक मॅडम म्हणाल्या होत्या,
आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो.
आम्ही लिहून घेतलं, खाली रेघ मारली.
मागच्या बाकावरून यज्ञेश पुटपुटला,
म्हणून तर कॅन्टीनवाला उधारी ठेवत नाही.
मॅडमही हसल्या, आणि पाठ फिरवून
फळ्यावर व्याजदराला घातांक चढवला.

बाबांचा आकडा दाराआड खिळ्याला असतो,
मार्केटात पोत्यात रुतवायचा,
लसणाच्या वासाचा, मूठ घासून काळी झालेला.
माझे आकडे वहीत.
लहानपणी वाटायचं, एकाच शब्दावर दोघांचं भागवायचं
म्हणजे घरात शब्दांचीही टंचाई असणार.

आईची भिशी कुठल्याच युनिटमध्ये येत नाही.
बारा जणी, दोन हजार महिना,
पाच तारखेला दुपारी कुकरच्या झाकणात चिठ्ठ्या.
घोरपडे काकूंची धाकटी डोळे मिटून उचलते,
मिटलेल्या डोळ्यांतून थोडं बघतेही.
आईचं नाव झाकणात कधीच नसतं.
तिचा नंबर शेवटचा. सात वर्षं झाली.

काल रात्री मी महिन्याला एक टक्का धरला.
चोवीस हजार, अकरा महिने मागे आणले,
आले एकवीस हजार पाचशे बारा.
आई मेथी निवडत होती.
म्हटलं, दर वर्षी तू दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी सोडतेस.
सात वर्षांचे सतरा हजार चारशे सोळा,
आणि हे चक्रवाढ न धरता.

तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं.
पहिल्या महिन्याला मीच उचलले असते
तर दुसऱ्या महिन्याला कोण आलं असतं गं दारात?

मी म्हटलं, त्याला रिस्क प्रीमियम म्हणतात,
पण तो घ्यायचा असतो, द्यायचा नसतो.

असेल, म्हणाली.
शाहीनच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हाचे तिचे दोन हप्ते
मी भरले होते, ते धरलेस का?
नाही.
धर की.
ते धरले तर तोटा वाढतो, आई.
मग वाढव.

फेडले का तिने?
फेडतेय. शेवयांत.
डबा बघ वरच्या फळीवर, तू परवा दुधातून खाल्ल्यास त्या.

शेवया कोणत्या खात्यावर टाकायच्या
हे पुस्तकात शोधलं नाही, खोटं कशाला बोलू.
शोधलं. सापडलं नाही.

पुढच्या महिन्यापासून बेलापूरला इंटर्नशिप.
एका सीएच्या ऑफिसात, सहा हजार,
बसभाडं आणि डबा आपला.
आईने वहीत बाराव्या ओळीखाली
माझं नाव पेन्सिलीने लिहिलंय.
पेनने नाही, हे मी पाहिलं.
सकाळी चहा गाळताना विचारत होती,
तुझी चिठ्ठी झाकणात टाकू, की तूही माझ्यासारखी मागे थांबतेस?

अजून काही बोलले नाही.
पाच तारखेला चार दिवस आहेत,
कॉस्टिंगचा पेपर त्याच्या आदल्या दिवशी.
मुलगा जागा झालाय, डोळे चोळत विचारतो,
किती वाजले?
सांगते.
सातचं बटण दाबते.
पुन्हा दाबते.