कोरडं वजन

माझं कोरडं वजन त्रेपन्न किलो.
म्हणजे मी, उणे पाणी.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
म्हापशाच्या इस्पितळात काट्यावर उभं करतात
आणि सिस्टर ब्लेझिना चष्म्यावरून बघते,
"गुणाजीबाब, दोन किलो आठशे जास्त. काय प्यालात?"
काय सांगू. पेज. हुमणाचा रस्सा.
अंघोळ करताना उघडं राहिलेलं तोंड.

सव्वीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकला.
चहूकडे पाणी, आणि मी त्याच्याकडे
बघायचोसुद्धा नाही,
जसं कुणी रोज आपल्या घराची भिंत बघत नाही.
आता दिवसाला अर्धा लिटर.
गोळ्या गिळायचं धरून.
परसात अकरा माड, पण शहाळं वर्ज्य.
पाडेली वर चढला
की मी आत जाऊन बसतो.

लोक विचारतात, बरें मरे?
मी म्हणतो, बरें.
दुचाकीच्या तिकिटासारखा
हा शब्द मी न बघता फाडून देतो.

मार्चमधली एक रात्र कुणाला सांगितलेली नाही.
दोनच्या सुमारास उठलो,
माठात तांब्या बुडवला, उभ्यानेच,
गळ्याचा आवाज होऊ नये म्हणून
घोट मोडून मोडून प्यालो.
आपल्याच घरात चोरी, आणि तीही पाण्याची.
मग उंबऱ्यावर बसून रडलो. रडताना वाटलं,
हे वजनातून वजा होत असेल का.
सुलक्षा जागी होती, पाठ फिरवून.

सकाळी ती काही बोलली नाही.
फक्त बाटलीवर लाल नेलपॉलिशची नवी रेघ,
जुन्या रेघेच्या बोटभर वर.
डॉक्टरला विचारलं नव्हतं तिने.
ती बोटभर जागा
स्वतःच्या भीतीतून काढून दिली होती.

मला राग आला. खरंच.
चार दिवस मी जुन्या रेघेपर्यंतच प्यालो.

खाट चार, हळदोण्याची एस्पेरान्सबाई.
सात वर्षं यंत्रावर, ओठांना व्हॅसलीन.
म्हणाली, "तोंड का पाडून बसलास? बोल,
आज काय पिऊया?"
थट्टा वाटली.
पण तिने डोळे मिटले आणि पोंबुर्प्याच्या झरीवर गेली.
पायऱ्या किती, शेवाळ कुठे,
ओंजळ धरली की मनगटावरून कोपरापर्यंत
पाणी कसं पळतं,
कुठल्या दाताला आधी कळ लागते.
पंधरा मिनिटांत एक घोट.
माझ्या घशात काहीतरी हललं.

तेव्हापासून आम्ही पितो.
चार तास, रक्त बाहेर हिंडून परत येईस्तोवर.
मी तिला बोटीवरच्या कॅनमधलं पाजतो,
डिझेलचा किंचित वास असलेलं.
ती म्हणते, शी! आणि गिळते.

तहान जात नाही. हे लिहून ठेवतो,
कुणाचा गैरसमज नको.
तिला बसायला जागा मिळते, एवढंच.

डाव्या हातात, जिथे शीर धमनीला जोडलीय,
रात्रभर घरघर चालते.
आधी तिच्यावर उशी दाबायचो.
आता कान लावतो.
धक्क्याला टेकल्यावरही बोटीचं इंजिन
आम्ही असंच चालू ठेवायचो.
बंद केलं की ओढ लागायची.

परवा खाट सहावर डिचोलीचा एक मुलगा आला.
बावीसचा. चादर डोक्यावरून.
आई बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर घट्ट धरून.
आम्ही त्याला धीर वगैरे दिला नाही.
आमचं आमचं पीत राहिलो,
जरा मोठ्याने.

तिसऱ्या तासाला चादरीखालून आवाज आला,
"गोळीचा सोडा. बसस्टँडसमोरचा."

एस्पेरान्सबाईने मान वळवली नाही.
"लिंबू घालून," तिने विचारलं,
"की नुसता?"