नऊशे रुपये बाकी

खणात सदतीस मेलेले फोन. त्यातला एक जिवंत.
चिठ्ठी: ठोंबरे, सेलू, डिस्प्ले बदलला, नऊशे रुपये बाकी.
शाई परभणीच्या उन्हाळ्यांनी पिऊन टाकलेली.
चार वर्षं न्यायला कुणी आलं नाही.
सिम नाही, म्हणून कुणाचा निरोप नाही.
डोळा तेवढा ठणठणीत.

आग्फाचा घडीचा कॅमेरा मुनीरोद्दीन चाचांचा.
नूर स्टुडिओची पाटी उतरवली त्या दिवशी माझ्या काउंटरवर ठेवून गेले.
भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
आणि बघायच्या काचेत अशी बुरशी
की अख्ख्या स्टेशन रोडला मोतीबिंदू.
"जगात जर्मनी," चाचा म्हणाले,
"पुढचं तुला पाठ आहे."

मग ठोंबऱ्यांचा फोन मी कॅमेऱ्याच्या टाळूवर बसवला.
दोन रबरबँड, एसटीच्या जुन्या पासाचं प्लास्टिक.
स्क्रीनला काळी टेप लावत लावत
भिंगाला दिसतो तेवढाच चौकोन उरवला.
खाली आकडा येतो: शंभरला अकरा.
तो मनात धरायचा आणि कॅमेऱ्याची कडी फिरवायची.
दोघांची एकमेकांशी ओळख नाही.
मधला निरोप्या मी.

चाचांना हे पटत नाही.
मनगट उलटं करून उन्हात धरतात, म्हणतात, "सोळा."
फोन म्हणतो अकरा.
बारातले दोन फोटो या भांडणात गेले.
धुऊन आले तर दोन्ही बरे.
"फिल्म रहमदिल असते बेटा,
तू आणि तुझा फोन नाही."

मे महिन्यात जिंतूर रोडला कडब्याच्या गंजीसमोर
दुपारी दीडला फोननं लिहून दिलं:
फोन तापला आहे, थंड होऊ द्या.
उजेड मोजणाऱ्यालाच उजेड सोसेना!
लिंबाखाली बसून ओला रुमाल गुंडाळला त्याला,
येणारे जाणारे बघून हसले.

आणि दर बुधवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, तो वाजतो.
स्क्रीनवर एकच शब्द: नळ.
एकदा बोट खटक्यावर असताना वाजला,
त्या फोटोत रसवंतीवाल्याला तीन कान आहेत.
तरी गजर काढला नाही.
दुसऱ्याच्या घरचा नळ
आपण कसा बंद करायचा.

परवा एक बाई आल्या. पिशवीत मेथी, पायात धूळ.
"ठोंबरे. सेलूहून. एक फोन टाकला होता."
मधल्या चार वर्षांचं काही बोलल्या नाहीत,
मीही विचारलं नाही.
रबरबँडात अडकलेला बघून म्हणाल्या,
"ह्याला कामून बांधलं?"
सांगितलं. अर्धं कळलं असेल.
मग त्यांनी कॅमेरा उचलला, फोनच्या चौकोनात डोळे बारीक केले.
"तुम्ही दिसायलात की हो यात.
दाबायचं कुठं?"

लाल खिडकीत बारा. शेवटचा.
दुकानातला उजेड आकड्यानं सांगितला: पंचविसाला साडेचार.
अंतर सहा फूट.
जगाचे पासपोर्ट फोटो काढले मी,
माझा कुणी काढला नव्हता. हात कुठं ठेवावे कळेना,
एक सोल्डरिंग गनवर ठेवला.
खट्.

"नळाचं वाजतं का अजून?"
"वाजतं. बुधवारी."
"आता वार नाही राहिला त्याला. आला तर आला."
पर्समध्ये हात घातला, मी नको म्हणालो,
त्यांनी फोन नको म्हटलं.
दोन नोटा तरीही मेथीच्या जुडीखाली सापडल्या.
जुडीसकट.

रोल अजून धुवायला पाठवला नाही.
चिठ्ठी फाडली नाही. मागच्या बाजूला लिहिलं:
नंबर बारा, पंचविसाला साडेचार,
काढणार ठोंबरे, सेलू.
चारशे रुपये बाकी.