नऊ मोठी, चौदा बारकी

सोमवारी सकाळी मला उत्तर द्यायचंय:
नऊ मोठी विमानं ठेवायची,
की ती काढून चौदा बारकी घ्यायची.
बारकी म्हणजे तीनशे माणसांची.
मोठं म्हणजे दोन मजले, चार इंजिनं, पाचशे सतरा खुर्च्या.
आखातातल्या एका कंपनीत मी हेच मोजते,
आणि आत्ता गावच्या यात्रेसाठी विट्यात आहे,
लॅपटॉप मांडीवर, चार्जर गिरणीच्या बोर्डाला.

"एवढं काय बघतीस?" आकारामतात्या विचारतात.
मी सांगते.
"भरतं का?"
"दिवाळीत भरतं. मेमध्ये भरतं."
"आन् मधी?"
"मधी दोनशे खुर्च्या हवा खातात."
"मग त्यात इचारायचं काय?"

पण तात्या, एका विमानतळावर
उतरायला दिवसाला दोनच वेळा मिळतात,
तिसरी पैसे ओतूनही मिळत नाही.
तिथं मोठंच न्यावं लागतं.

तात्या बडीशेप चघळायची थांबवतात.
"बाजारादिवशी खानापूरच्या स्टँडागत.
एकच गाडी उभी ऱ्हाईल एवढी जागा.
तिथं जीप घालणारा येडा."

तात्यांचं वडाप विटा, रेणावी, खानापूर, भिवघाट.
कायद्यानं नऊ, तात्यांच्या हिशेबानं तेरा.
भरलं की सुटतं, म्हणून दिवसाला सहा खेपा,
आणि माणूस खेपा बघतो, सीटचं कापड बघत नाही.

आमचं उलटं होतं.
सगळ्या जगाला आमच्या गावात उतरवायचं,
दोन तास चहा पाजायचा,
मग दुसऱ्या गाडीत बसवायचं.
आता बारकं विमान दोन इंजिनांवर समुद्र ओलांडतं,
मधल्या गावाला विचारत नाही.

"दोनच? आन् एक बंद पडलं तर?"
"राहिलेल्या एकावर तीन-चार तास जातं."
"माझी जीप एका हेडलाइटवर सात वर्सं गेली."

घरामागे शेवग्याखाली ती उभी आहे,
एकोणपन्नास सीटांची.
गलाईवाल्यांसाठी घेतलेली, विटा ते कोइमतूर.
यात्रेला येताना पोरं बॉनेटवर बसून यायची,
जाताना टपावर ज्वारीची पोती.
उरलेले दहा महिने
अकरा माणसं, एक करडू,
आणि डिझेल एकोणपन्नासाचं.
पुढं कुणी स्वतःची गाडी घेतली,
कुणी पुण्याहून विमान.

विकायला काढली तेव्हा तात्यांना कळलं:
जीपला गिऱ्हाईक दारात येतं,
बसला फक्त भंगारवाला.
हे वाक्य माझ्या अहवालात पान बावीसवर आहे,
इंग्रजीत, तीन आलेखांसकट.

"पर गाडी हुती हां," तात्या म्हणतात.
"तुझी काकू बेळगावच्या अलीकडं झोपली
ती हुबळीच्या पलीकडं उठली."
आमच्या मोठ्यावरही लोकांचा असाच जीव.
फोटो त्याचा काढतात,
तिकीट वेळ बघून दुसऱ्याचं.

मागच्या काचेवर 'आकाराम ट्रॅव्हल्स' होतं.
उन्हानं राम गेला.
आकार तेवढा राहिलाय.

"काढलेली कुठं ठेवता?"
"वाळवंटात. कोरडी हवा, गंज चढत नाही.
इंजिनं उतरवतात,
खिडक्यांना चंदेरी कागद लावतात."
तात्या बराच वेळ शेवग्याकडं बघत बसतात.
"तिथं कोंबड्या हायत?"

रात्री मी रकान्यात आकडा भरला,
खोडला, पुन्हा तोच भरला.
पहाटे काकूनं अंडी आणायला बसमध्ये धाडलं.
ड्रायव्हरच्या सीटवर खुडूक कोंबडी,
पिसं फुगवून, स्टेअरिंगखाली,
उठायला तयार नाही.

बाहेर आठ माणसांवर वडाप अडलेलं,
तात्या हॉर्नवर हात ठेवून:
"येतीस का स्टँडपातूर?
एक सीट हाय."