थंड नळाचं पाणी

जुलैत सोहारला निळ्या खुणेचा नळ सोडला
की गच्चीवरच्या टाकीतलं ऊनच खाली येतं.
गार पाणी हवं तर लाल खुणेचा,
बंद ठेवलेल्या गीझरमधलं.
सहा वर्षं झाली, हात अजून चुकतो.
आज मात्र मला पोळणारंच हवं होतं.

सिंकमध्ये अकरा बरण्या बुडवल्या:
ताहिनीच्या चार, अंजिराच्या जॅमच्या तीन,
ऑलिव्हच्या दोन, येमेनी मधाची एक षटकोनी,
आणि एक, तिचं मग सांगते.

लेबलं आपापल्या स्वभावानं सुटतात.
मधाचं अलगद, अख्खं,
जणू कधी चिकटलंच नव्हतं.
ऑलिव्हचं चिवट. कागद जातो, डिंक राहतो.
त्याला खायचा सोडा खोबरेलात कालवून लावायचा,
अर्धा तास विसरून जायचं,
मग अंगठ्यानं गोल गोल.
नख लावायचं नाही.
काच नखाचा ओरखडा मनात ठेवते,
आत ज्योत लागली की दाखवते.

मग एकेक कानाशी धरून टिचकी.
धड असेल तर नाद लांबवर जातो,
तडा असेल तर टक्, आणि गप्प.
आई माठ घेताना असंच करायची,
कुंभार वैतागेपर्यंत.
मधाची षटकोनी टक् म्हणाली.
सगळ्यांत देखणी तीच होती.
तिच्यात पेनं ठेवली.

दुपारी दोनला उरलेल्या बाल्कनीत उपड्या.
ओव्हन लावायची गरज नाही,
बाहेर आहेच पेटलेला.
मलमलीच्या फडक्यानं आतून पुसून घेतल्या.
थेंबभर ओल राहिली तरी वात तडतडते,
आणि इथली धूळ दार लावूनही येते,
पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी.
बरणी कोमट असतानाच मेण ओतायचं,
नाहीतर ते काचेपासून अंग चोरतं.
म्हणून तासभर एसी बंद.
वातीचा तळ चिकटवून
वर कपड्यांच्या दोन चिमट्यांत ती सरळ धरलेली,
माझी हनुवटी ठिबकत असलेली,
तेवढ्यात श्रीरंग रात्रपाळीची झोप संपवून उठला.
म्हणाला, इथे लाइट जाते कधी?

गेली होती एकदा. बारा मिनिटं.
अख्खा मजला अंधारात जिन्याशी जमलेला,
चार वर्षं शेजारी राहून
एकमेकांची नावं विचारत.
तेव्हा तीनशे चारमधून अन्नम्मा बाहेर आली,
लोणच्याच्या बरणीत मेणबत्ती उभी करून,
आणि प्रत्येकाच्या तोंडापाशी ती धरून
कोण कोण आहे ते बघत गेली.

मार्चमध्ये ती कायमची गेली, कोट्टयमला.
एकतीस वर्षांचं घर तीन खोक्यांत,
बाकीचं खाली कचऱ्याच्या पिंपापाशी.
तिथूनच रहीमुद्दीननं मला पिशवी आणून दिली,
भाभी, शीशा, म्हणाला.
वॉचमनला ठाऊक आहे मी काय गोळा करते.

तर ती अकरावी.
आत काजळीची एक पुसट रेघ.
बाहेर तिच्या हातचं लेबल, निळ्या शाईचं,
मल्याळम, वेटोळी वेटोळी अक्षरं.
मला वाचता येत नाही.
कैरी असेल. मासा असेल.
नुसती तारीखही असेल.

गरम पाण्यात तेही सुटलं, अख्खं,
हाताला येण्याआधी तरंगत गेलं
आणि सिंकवरच्या टाइलला जाऊन बसलं.
मी काढणार होते.
सुकलं तिथंच.

नऊ भरल्या. मोगरा पाच, वेलदोडा चार.
ऑफिसातल्या बायका घेतात,
वासासाठी, उजेडाचं इथे कुणाला काय.
अकरावी अजून बाल्कनीत आहे,
मगरिबची अजान होऊन गेली तरी कोमट.
श्रीरंगनं विचारलं, ही का रिकामी?
मेण संपलं, म्हटलं.

डब्यात आहे अजून थोडं.