वीसचा मेन

पहिल्याच रात्री गाडी चार्जिंगला लावली
आणि अख्खं घर गपकन् विझलं.
वर शालनाक्कांचा मिक्सर अर्ध्या चटणीत अडकला,
खाली आमचा टीव्ही, देव्हाऱ्यातला तांबडा बल्ब,
मोरीतला गिझर.
गाडी तेवढी अंधारात निळी लुकलुकत होती,
आपण काय केलंय ते न कळलेल्या पाहुण्यासारखी.

जिन्यावर पावलं वाजली. अर्ध्यात थांबली.
सहा वर्षांत त्या जिन्याची मधली पायरी
ना त्यांनी ओलांडली, ना आम्ही.
कारण विचाराल तर पाण्याची टाकी,
अंगणातली चार फूट जागा,
मामंजींच्या तेराव्याला कोण काय बोललं.
शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या वाटण्या झाल्या,
भांड्यांच्या झाल्या, देवांच्याही.
मीटर तेवढा वाटायचा राहिला.

उद्यमनगरातनं इलाही मिस्त्री आला.
बोर्ड उघडून आधी वास घेतला.
"तार तापलीया ताई."
जिन्याखालचा तो बोर्ड बसला तेव्हा
घरात दोन पंखे, चार बल्ब आणि रेडिओ.
इलाहीनं भिंतीवरच पेन्सिलीनं मांडलं:
गाडी चौदा.
वरचा गिझर नऊ.
"हितंच तेवीस झालं. मेन वीसचा.
खालचा गिझर, मोटर अजून धरलीच न्हाई."
मी शिरोलीच्या फौंड्रीत वीस वर्षं हिशेब लिहिते.
इतकी सरळ तूट मला कुणी दाखवली नव्हती.

म्हटलं, मोठा मेन बसव, बत्तीसचा.
तो पेचकस पुसत हसला.
"बसवतो की. मग मेन पडायचा न्हाई,
तार जळंल. भिंतीतल्या भिंतीत.
कुणाला कळायचं बी न्हाई.
पडतोय त्येच बरं हाय ताई,
पडतोय म्हणून घर हाय."

गाडीपुरती जाड वायर ओढली त्यानं,
अंगणात खड्डा घेऊन अर्थिंगला मीठ-कोळसा घातला,
लोड वाढवायचा अर्ज भरून दिला.
"त्येला येळ लागंल. तवर
आपापसात ठरवा."
आपापसात.
टेस्टर खिशात टाकावा
इतक्या सहज टाकला त्यानं तो शब्द.

मग मी पोराची जुनी पाटी बोर्डाच्या खिळ्याला अडकवली.
लिहिलं: गाडी रात्री अकरा ते पाच.
मायना नाही, नाव नाही.
दुसऱ्या दिवशी खाली किरटं अक्षर:
आमचा गिझर सव्वापाच. यांना गंगावेशीत दुधाला जायचं असतं.
मी: मोटर आम्ही नऊला लावू.
वरून: इस्त्री रविवारीच करते.
वरून: शनिवारी संध्याकाळी मिक्सर. पाहुणे हायत.
घाईच्या दिवशी मी मोबाइलवर
गाडीचे चौदाचे सहा करते.
सावकाश भरते बिचारी, कुणाचं अडत नाही.
आणि रोज सकाळी कामावर निघताना
काहीतरी विसरल्यासारखं करून
पाटी वाचायला मागं येते.
हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

परवा आईला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं,
पहाटे साडेपाचला निघायचं,
आणि मी घरी पोचले रात्री साडेदहाला,
बॅटरीत नऊ टक्के.
पाटीवर लिहायचं कसं, काय,
ते सुचेना. हात धुवून आले,
तर सगळं पुसून मधोमध एकच ओळ:
उद्या गिझर लावत नाही. निघेपर्यंत चौदावर भर.

चौदा. भिंतीवरचा आकडा
तिनंही वाचला होता तर.
मी फोनवर आईशी मोठ्यानं बोलते, हे खरंच.

पौषातली पहाट. गाडीची वायर गुंडाळताना
वरच्या मोरीत तांब्या वाजला,
आणि गार पाण्यानं लागलेली
भावोजींची ती लांबलचक धाप.
बोर्डावर हात ठेवून बघितला. थंड होता.
पाटीवर काही लिहावं म्हणून खडू शोधला,
नखाएवढा उरला होता,
बोटात धरता येईना.
मिरजेतून येताना डबीच घ्यायला हवी.